ॲम्प्लिफायर वाचवायचा तर डबा कशाला? प्लग काढा!

खारेगावकर:
पावसाळा लागला की आमच्याकडे लाईटचा लपंडाव सुरू. घरात स्टिरिओ ॲम्प्लिफायर, सीडी प्लेयर, दोन उभे स्पीकर. दुकानदार 'पॉवर कंडिशनर', म्हणजे भिंतीतून येणारी वीज 'साफ' करून देणारा डबा, गळ्यात मारतोय. त्या किमतीत दुसरा ॲम्प्लिफायर येईल. माझं मत: हे डबे म्हणजे निव्वळ दिखावा. ढग गडगडायला लागले किंवा लाईट गेली की प्लग काढायचा, परत आल्यावर दहा मिनिटांनी लावायचा. एक पैसा खर्च नाही. पटत नसेल तर बोला.

नेरूळचा नाना:
अहो, दिवसा घरी असतं कोण? 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, तेव्हा कोरोनामुळे माणसं घरात होती म्हणून ठीक. एरवी तुमचा प्लग काय कामवाल्या मावशी काढणार?

खारेगावकर:
ऑफिसला निघताना काढतो की. गॅस बंद करतो तसंच.

फेज_न्यूट्रल:
दोघंही लाईट जाण्याबद्दल बोलताय. खरा वैरी वेगळाच आहे: बिल्डिंगच्या मीटररूममध्ये ढिला झालेला न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी सामाईक वायर. तो सुटला की वेगवेगळ्या फेजवरचे, म्हणजे बिल्डिंगला येणाऱ्या तीन लाइनींपैकी वेगवेगळ्या लाइनींवरचे फ्लॅट एकमेकांशी सिरीजमध्ये (एकामागोमाग) येतात आणि दोन फेजमधले 415 व्होल्ट आपापसात वाटून घेतात. शेजाऱ्याचा एसी, गीझर चालू आणि तुमच्याकडे फक्त संगीत, म्हणजे लोड कमी तिकडे व्होल्टेज जास्त. 230 च्या जागी 300 च्या वर जाऊ शकतं. तुम्ही समोर बसून गाणी ऐकताय, लाईट गेलेलीच नाही, मग प्लग कधी काढणार?

वाशी_विनाइल:
त्यासाठी स्पाइक गार्ड आहे ना. मी तोच लावलाय.

फेज_न्यूट्रल:
स्पाइक गार्डच्या आत नाण्याएवढी एक चकती असते, व्हॅरिस्टर. ती क्षणभराचा झटका पिते. वाढलेलं व्होल्टेज तसंच टिकलं तर तापते, काळी पडते, फुटते. आमच्या सोसायटीत एकाचा उघडला होता: चकतीचे दोन तुकडे, प्लास्टिक वितळलेलं, आणि वरचा लाल दिवा मात्र मस्त चालू! शिवाय प्रत्येक झटक्यागणिक ती झिजते. बाजारातल्या स्वस्त पट्ट्यांत तर ती नसतेच, नुसता एक्स्टेन्शन बोर्ड. आणि अर्थिंग नसेल तर अर्थकडे वळवायचा झटका जाणार कुठे?
डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या एमसीबीच्या पेटीत, ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा, चांगल्या वायरमनकडून. ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलं की तोडतो, ठीक झाल्यावर थोडा थांबून जोडतो. फ्रिज, टीव्ही सगळंच वाचतं.

वाशी_विनाइल:
मग यूपीएसच का नको? बॅटरीही मिळते.

नेरूळचा नाना:
कॉम्प्युटरचा घेऊ नका. स्वस्तातले बॅटरीवर गेले की पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह देतात, जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲम्प्लिफायरमध्ये घूं घूं ऐका मग. प्युअर साइनवेव्हचा घ्या, तोही तबल्याची थाप पेलेल इतक्या वॅटचा. माझ्या मते सर्व्हो स्टॅबिलायझर (मोटरने व्होल्टेज सारखं ठेवणारा) बरा.

फेज_न्यूट्रल:
सर्व्होची मोटर सावकाश फिरते. हळूहळू वरखाली होणारं व्होल्टेज तो छान सांभाळतो, विजेचा झटका त्याच्या हातात नाही.

कोपरीची_ताई:
सगळे भिंतीतल्या सॉकेटकडेच बघताय. आमच्याकडे गेल्या पावसात ॲम्प्लिफायर धडधाकट राहिला, पण इंटरनेटला जोडलेल्या रिसीव्हरचं लॅन पोर्ट आणि टीव्हीचं एचडीएमआय गेलं. प्लग काढलेला होता! झटका आला इंटरनेटच्या तांब्याच्या केबलमधून, गच्चीवरून गच्चीवर टाकलेली असते ती. आता फायबर घेतलंय. टीव्हीच्या छत्रीची (डिशची) केबल मात्र ढग दिसले की मीच काढते.

खारेगावकर:
न्यूट्रलचा मुद्दा मान्य. प्रोटेक्टर बसवतो. कंडिशनर तरीही घेणार नाही, आणि प्लगही काढणारच.

फेज_न्यूट्रल:
काढा की. मीटररूममधले जोड एकदा कसायला सांगा सोसायटीला, मागच्या मीटिंगला आमच्याकडे हा विषय पार्किंगच्या भांडणातच बुडाला.

नेरूळचा नाना:
आमच्याकडेही!