बाबांच्या औषधांचा खर्च कमी करायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बाबा ७६ वर्षांचे, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तिन्ही. औषधांना महिन्याला साडेतीन हजार लागतात आणि पेन्शन तुटपुंजी. परवा कळलं, पैसे वाचवायला ते शुगरची गोळी एक दिवसाआड घेत होते. फार वाईट वाटलं.

७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड (सरकारी आरोग्य विमा) काढलंय, पण पाच लाखांचं ते संरक्षण दवाखान्यात भरती झाल्यावरच. रोजच्या गोळ्या खिशातूनच. म्हणून जनऔषधी केंद्रात (स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेतलं दुकान) गेले. बीपीची टेल्मिसार्टन, शुगरची मेटफॉर्मिन खूपच स्वस्त मिळाली. अडलं ते एका गोळीपाशी, जिच्यात तीन औषधं एकत्र आहेत. तशी गोळी तिथे नाही आणि चिठ्ठीवर फक्त ब्रँडचं नाव.

ती औषधं सुटी घेतली तर चालतं का? (डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलणार नाही.) डॉक्टरांना न दुखावता जेनेरिक नावं (ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव) लिहून द्यायला कसं सांगितलंत? शिवाय २०१३ च्या औषध किंमत आदेशाखाली सरकारने कमाल किंमत ठरवलेली औषधं कोणती, ते दुकानात कसं तपासायचं?

घरी ज्येष्ठ असलेल्यांनी अनुभव जरूर सांगा. पुढच्या आठवड्यात बाबांची तपासणी आहे, त्याआधी कळलं तर बरं होईल.