आईच्या उशाशी ठेवायला बरणीतलं मत्स्यालय असलेला टेबल लॅम्प करायचा आहे, सल्ला हवा

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या आजोबांचं पंचवटीत किराणा दुकान होतं. त्या दुकानातली गोळ्या-बिस्किटांची एक जाड काचेची बरणी अजून घरात आहे. उंची २८ सेंटिमीटर, व्यास १८, तोंड १२. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, पुढचे दोन-तीन महिने ती पलंगावरच असेल. रात्री झोप लागत नाही, नुसती भिंतीकडे बघत पडून असते. लहानपणी घाटाच्या पायरीवर बसून मासे बघत बसायची, असं सांगत असते. म्हणून मनात आलं, तिच्या उशाशी असा दिवा ठेवावा की ज्यात पाणी असेल, झाडं असतील, काहीतरी हलतं दिसेल.

डोक्यातला आराखडा असा: बरणीच्या मधोमध पीव्हीसी पाइप उभा करायचा, त्यातून वायर वर न्यायची, वर होल्डर आणि ४० वॅटचा पिवळा बल्ब. शेड म्हणून आईची लग्नातली पितळी वेळणी उपडी घालायची. बरणीत दोन गोल्डफिश किंवा एक फायटर. पंप लावायचा नाही, आवाजाने ती आणखीच जागी राहील.

पाइप तळाशी कशाने चिकटवावा? आणि मासा कुठला? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

तारतंत्री

ताई, कल्पना फार आवडली, पण आराखड्यातला पाइप आधी काढून टाका. वायरिंगचं काम करून मला बावीस वर्षं झाली. २३० व्होल्टची वायर पाण्याच्या मधून नेऊ नये, पाइपात असली तरी नेऊ नये. सिलिकॉनचा जोड आज पक्का असतो, सहा महिन्यांनी बरणी धुताना एक धक्का बसतो आणि केसाएवढी फट पडते. ती डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला मात्र सापडते. त्यात हा दिवा अशा माणसाच्या हाताशी असणार ज्याला चटकन उठून बाजूला होता येत नाही.

असं करा. घराचा करंट भिंतीपाशीच थांबवायचा. मोबाइलचा चांगला, बीआयएस नोंदणीचा ५ व्होल्टचा चार्जर घ्या, तिथून पुढे दिव्यापर्यंत फक्त ५ व्होल्ट जातील. त्यावर चालणारी एलईडी पट्टी मिळते. वरून सिलिकॉनचा थर असलेली घ्या, वाफेने खराब होत नाही. एकूण ५ वॅट पुष्कळ झाले. पट्टी थेट वेळणीला न चिकटवता अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर लावून मग बसवा, नाहीतर उष्णतेने गोंद सुटतो. वेळणीला वायरसाठी भोक पाडाल तिथे रबरी बुश घालायला विसरू नका, पितळेची कड वायरचं आवरण कापते.

दुसरं, वायर भिंतीच्या सॉकेटपाशी सरळ वरून आणू नका. आधी सॉकेटच्या खाली झोका देऊन मग वर चढवा. बरणीतून पाणी सांडलं आणि वायरवरून ओघळत आलं तर ते झोक्याच्या तळाशी टपकून जमिनीवर पडेल, सॉकेटात जाणार नाही. आणि घरात ३० मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का ते बघा. नसेल तर दिवा राहू द्या, आधी तो बसवून घ्या.

आता बल्बचं. ४० वॅटच्या जुन्या बल्बमधली बहुतेक वीज उष्णता होऊन बाहेर पडते. त्यातले १० वॅट जरी पाण्यात उतरले तरी साडेचार-पाच लिटर पाणी तासाला जवळपास २ अंशांनी तापतं. चार तास दिवा जळला की आतल्या जिवाचं काय होईल ते बघा.

वऱ्हाडी पाऊस

वरच्या प्रतिसादातल्या शेवटच्या ओळीबद्दल सांगते, कारण माझ्या घरी तेच झालं. तीन वर्षांपूर्वी दुकानातून तयार दिवा-मत्स्यालय आणलं होतं, तीन लिटरचं, वर बल्ब. त्यात निळा फायटर. विकणाऱ्याने सांगितलं होतं, याला हवा लागत नाही, कपातसुद्धा राहतो. अकोल्याचा मे महिना, दुपारी कूलर बंद पडला आणि दिवा चालूच राहिला. संध्याकाळी थर्मामीटर घातला तर ३६ अंश. मासा वर येऊन तोंड उघडझाप करत होता, पंख चिकटलेले. थंड पाणी हळूहळू घालून पाहिलं, रात्री गेला.

नंतर वाचलं तेव्हा कळलं. फायटरला वरची हवा घेता येते हे खरं, पण त्याला २४ ते २८ अंशांचं स्थिर पाणी लागतं आणि निदान १८-२० लिटर जागा. पाणी तापलं की त्यात प्राणवायूही कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना साडेसात. जेवढी बरणी लहान, तेवढं पाणी भराभर तापतं आणि भराभर घाण होतं. गोदाकाठ ताई, या बरणीत मासा घालू नका. आईला बघायला आनंदाचं काही द्यायचंय ना, मग रोज दमलेला मासा नको.

शेवाळप्रेमी

वऱ्हाडी पाऊस यांना पूर्ण अनुमोदन. हिशोब मांडतो. तळाला ५ सेंटिमीटर माती-वाळू, वर ५ सेंटिमीटर मोकळं, मधे १८ सेंटिमीटर पाणी. म्हणजे साडेचार लिटर. गोल्डफिश वीतभर वाढतो आणि भरपूर घाण करतो, तो तर विसराच.

पण बरणी रिकामी ठेवायची गरज नाही. झाडं आणि चेरी श्रिम्प, म्हणजे गोड्या पाण्यातली बोटाच्या पेराएवढी लाल कोळंबी. काही जण १० लिटरच्या खाली तीही ठेवू नये म्हणतात, म्हणून पाचच आणा आणि झाडं दाट ठेवा. दिवसभर शेवाळ वेचत असते, पुढचे बारीक पाय सारखे तोंडाकडे जात असतात, हातमागावर बसल्यासारखे. पलंगावर आडवं पडून बघायला माझ्या मते माशापेक्षा छान.

पंपाशिवाय जमतं ते असं. खाली बागेतली साधी माती, खत न घातलेली, चाळून दोन सेंटिमीटर. वर स्वच्छ धुतलेली वाळू तीन सेंटिमीटर. त्यात पाण्यातली झाडं: व्हॅलिसनेरियाच्या तीन-चार जुड्या, एका दगडाला सुती दोऱ्याने बांधलेलं जावा मॉस आणि छोटं अनुबियास. अनुबियासचं खोड वाळूत पुरू नका, कुजतं, दगडावर टेकवून ठेवा. पाणी भरताना वाळूवर बशी ठेवून तिच्यावर धार सोडा, म्हणजे माती वर येत नाही.

मग थांबायचं. चार ते सहा आठवडे एकही जीव नाही. घाणीतून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट, आणि ते झाडं खातात. पहिली दोन्ही विषारी. हे जिवाणू वाळूवर आणि पानांवर बसायला तेवढे दिवस लागतात. तपासणीच्या थेंबांचा संच मिळतो, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच कोळंबी.

आणि ताई, एक मोठी अडचण: तुमची पितळी वेळणी. पितळेत तांबं असतं. पाण्याची वाफ वेळणीला आतून लागणार, तिथून थेंब परत बरणीत पडणार. तांब्याचा अगदी थोडा अंशही कोळंबीला आणि गोगलगायींना मारतो. गोदावरीतून झाडंही आणू नका, त्यांच्याबरोबर चतुराच्या अळ्या येतात आणि त्या कोळंबी खातात. उलट दिशेनेही तसंच, बरणीतलं काही नदीत सोडू नका. सकर मासा आपल्या नद्यांमध्ये असाच पोचलाय.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मासा रद्द. मन थोडं खट्टू झालं, पण वऱ्हाडी पाऊस यांचा प्रतिसाद वाचल्यावर तो विषय माझ्यापुरता संपला. वेळणी मात्र सोडवत नाही. त्या वेळणीवर आई भात वेळायची, तिची कड एका बाजूला झिजली आहे. काही मार्ग आहे का?

रंधा

आहे की. बरणीच्या तोंडावर काचेची चकती टाका. ४ मिलिमीटर जाड, १३ सेंटिमीटर व्यास, काचवाल्याकडून कडा घासून घ्या. तोंडाच्या काठावर सिलिकॉनचे तीन ठिपके द्या, सुकले की त्यांच्यावर चकती ठेवा. तीन मिलिमीटर फट राहते, हवा जाते, पण वाफ काचेलाच लागून तिथूनच खाली पडते. वेळणी त्याच्या वर १५ सेंटिमीटरवर, कोरडी. शिवाय आतून दोन हात लॅकर मारा. सिलिकॉन मत्स्यालयाचंच घ्या, बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे दोन दिवस, त्याच्या जवळ पाणी आणू नका.

दांडा बरणीच्या बाजूने. अर्ध्या इंची जीआय पाइप (जस्त चढवलेला लोखंडी), खाली फ्लँज म्हणजे स्क्रूने बसणारी चकती, उंची ४५ ते ५० सेंटिमीटर, वर एक एल्बो म्हणजे काटकोनी जोड. वायर पाइपाच्या आतून. बूड १८ मिलिमीटर मरीन प्लायचं, ३० बाय ३०, सगळ्या कडांना पॉलिश, कारण पाणी कडेतूनच शिरतं. बरणी, पाणी, माती मिळून ९-१० किलो होतात. चाकं असलेल्या टेबलावर ठेवू नका. बरणीखाली योगा मॅटचा तुकडा घाला, बुडाखाली खडा आला तर काच तडकते.

नाशिकला एलईडीचं सामान मिळेलच, पण पुण्याला कुणी येणार असेल तर तपकीर गल्ली, मुंबईला लोहार चाळ. लोहार चाळीपासून क्रॉफर्ड मार्केट चालत पाच-दहा मिनिटांवर, तिथे माशांची दुकानं आहेत, झाडंही मिळतील.

काचकाम

छोटीशी भर. पाणी भरलेली गोल बरणी भिंगासारखी काम करते. युरोपात लेस विणणाऱ्या बायका मेणबत्तीपुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवून प्रकाश हातातल्या कामावर एकवटायच्या. तेव्हा तुमची बरणी आणि दिवा ही जोडी जुनीच आहे. पण याच कारणाने ती खिडकीच्या उन्हात ठेवू नका. एकवटलेलं ऊन चादर जाळू शकतं.

तारतंत्री

उजेडाचं एक राहिलं. झाडांना पांढरा उजेड लागतो, ६५०० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप, पट्टीवर लिहिलेलं असतं), दिवसातून सहा-सात तास. त्याहून जास्त दिला तर काचेवर हिरवा थर चढतो. आईंना मात्र रात्री मंद पिवळा हवा. म्हणून दोन पट्ट्या लावा, दोन वेगळे स्विच. पांढरी टायमरवर, दुपारी ३ ते ९. पिवळी १ वॅटची, २७०० केल्विन, वेळणीच्या कडेला बाहेरच्या बाजूने, म्हणजे पाण्यात फार उजेड जाणार नाही आणि कोळंबीलाही रात्र मिळेल. पिवळीचा स्विच वायरवर, आईंच्या हाताला येईल असा.

शेवाळप्रेमी

खोलीत डास मारायचं लिक्विड मशीन लावता का? लावत असाल तर बंद करावं लागेल. त्यातलं औषध माणसाला चालतं, पण कोळंबीला अगदी थोडंही सोसत नाही. मच्छरदाणी लावा. पाणी बदलताना आठवड्याला एक लिटर, नळीने. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन काढायला डिक्लोरिनेटरचे थेंब. आरओचं पाणी नको, त्यात क्षार राहत नाहीत आणि कोळंबीला कात टाकता येत नाही.

गोदाकाठ (सात आठवड्यांनी)

दिवा झाला! दांड्याचं काम आमच्या गल्लीतल्या फॅब्रिकेटरने करून दिलं, बाकी सगळं मी. पहिली चकती मोजायला चुकले, दुसरी कापून आणली. चौथ्या आठवड्यात पाणी दुधाळ झालं होतं, घाबरले होते, पण काही न करता आपोआप निवळलं. सहाव्या आठवड्यात दोन्ही तपासण्या शून्य. मग पाच कोळंबी. बरणीचं पाणी दर पाच मिनिटांनी चमचा-चमचा त्यांच्या पिशवीत घालत तासभर बसले आणि मग सोडल्या.

आईने पहिल्या रात्री काही विचारलं नाही. दुसऱ्या रात्री मला हाक मारून उठवलं. "अगं, एक मेली बघ, आडवी पडलीय." टॉर्च लावून बघितलं तर कात होती. पाठीवर फाटलेली, मिशांसकट अख्खी, पारदर्शक. आणि तिची मालकीण मॉसच्या आत दडून बसलेली, रंग फिका पडलेला. आईला दाखवलं. म्हणाली, "हिला दोन दिवस कुणी त्रास देऊ नका." आता उशी अलीकडे सरकवून घेते आणि रात्री मोजत असते. चारच दिसल्या तर सकाळी मला आधी ते सांगते, मग चहा मागते.

कात काढून टाकायची का? आणि एकीच्या पोटाखाली पिवळट दाणे दिसतायत, पायांनी सारखी हलवत असते. हा आजार तर नाही ना?

शेवाळप्रेमी

आजार नाही ताई, अंडी आहेत. तीन-चार आठवड्यांत पिल्लं दिसतील, मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, तेव्हा नळीच्या तोंडाला जाळी बांधा. कात राहू द्या, त्याच ती खातात, क्षार परत मिळतात. तोवर पाणी अर्धाच लिटर बदला. आणि आईंना सांगा, आता मोजणं अवघड जाणार आहे.