इंदूरला मुक्काम कुठल्या भागात करावा? लवकर सांगा, वाटेत आहोत

दुपारी अचानक ठरलं आणि निघालो. इंदूर आधी कुणीच पाहिलेलं नाही. रात्री सराफ्यात खायचं एवढं नक्की. रूम कुठल्या भागात बघू? फोन केले तर सगळे ‘आल्यावर बघू’ म्हणतात. पटकन सांगा, चहा संपला की निघणार.

घाटवाट: कुठून निघालात? आत्ता कुठे आहात? गाडी की बाईक? बजेट?

माळवेकर: राजवाड्याजवळच उतरा. सराफा तिथून चालत. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पुढ्यात खाण्याच्या गाड्या लागतात. भुट्टे का कीस सोडू नका.

धागाकर्ती: नाशिकहून, जुनी वॅगन-आर. सोनगीर गेलं, शिरपूर यायचंय. बजेट दीड हजार.

चाकोरी: राजवाड्याच्या गल्ल्यांत गाडी लावून दाखवा! विजयनगरला राहा, पार्किंग मिळेल. सराफ्यात रिक्षाने जा.

माळवेकर: मध्यरात्री परतताना रिक्षावाला काय मागेल ते विजयनगरवाल्यांनी सांगावं. माझं आजोळ इंदूरचं आहे, उगाच नाही सांगत.

भटक्या_जळगाव: भावा, रूमवर पैसे कशाला घालवतोस? ढाब्यासमोर गाडी लाव, काचा थोड्या खाली कर, झोप. आम्ही मित्र कायम असंच करतो.

धागाकर्ती: आम्ही दोघी मैत्रिणी आहोत. गाडीत झोपणार नाही.

घाटवाट: ताई, हे आधी सांगायला हवं होतं. मग आजच इंदूर गाठायचा हट्ट कशाला? शिरपूरनंतर बिजासन घाट, सगळी ट्रकची रांग. खलघाटला नर्मदा ओलांडली की धामणोद, तिथून महेश्वर जवळ आहे. तिथे राहा, सकाळी इंदूर. धामणोदपुढच्या गणपती घाटात जाताना चढ आहे. परतताना तोच उतार व्हायचा आणि ट्रकचे ब्रेक तापून निकामी व्हायचे, म्हणून 2024 मध्ये उतरणाऱ्या गाड्यांसाठी वेगळा रस्ता झाला. तो घाट तरी दिवसाउजेडी उतरा.

इतिहासवेडा: महेश्वरला जाच. अहिल्याबाईंनी 1767 पासून 1795 पर्यंत कारभार पाहिला तो तिथून, इंदूरहून नव्हे. हे आपल्याकडेही अनेकांना माहीत नसतं. घाटावर पहाटे बसा.

धागाकर्ती: महेश्वर परतीला करू. सराफा आजच. एक अडचण आहे, मैत्रिणीचं पाकीट घरी राहिलंय. ओळखपत्र नाही, लायसन्स नाही. आणि पुढे गाडी तीच चालवणार आहे.

चाकोरी: अहो, खरा प्रश्न हा आहे! डिजिलॉकर उघडायला सांगा. त्यातलं लायसन्स मूळ कागदासारखंच धरावं असं केंद्राने 2018 मध्येच राज्यांना कळवलंय. आधारही तिथेच उतरवा. रेंज आहे तोवर करा, घाटात भरवसा नाही. रूम घेताना विचारा, मोबाइलवरचं चालतं का आणि रात्री दार किती वाजता बंद होतं. सराफ्यातून येईपर्यंत उशीर होतोच.

माळवेकर: दाराचं बरोबर आहे. जुन्या लॉजमध्ये कुलूप लावतात. त्या बाबतीत विजयनगर बरं.

धागाकर्ती: डिजिलॉकर उघडलं, दोन्ही आहेत. विजयनगरला पार्किंगसकट रूम मिळाली, दार रात्रभर उघडं असतं म्हणाले. चाकोरी, मनापासून आभार. निघतो.

सुगरण_धुळे: येताना जिरावन मसाला आणा. आपल्या पोह्यांवरही फार छान लागतं.

भटक्या_जळगाव: मांडूचं कुणीच नाव घेतलं नाही?