शब्दचर्चा : ‘निधी मंजूर’ म्हणजे नेमके काय झाले?

कोरांटी
‘रस्त्यासाठी ५ कोटी मंजूर’, ‘ग्रामीण रुग्णालयाला निधी मंजूर’ असे मथळे आठवड्याला दोन-तीन तरी दिसतात. पुढे दोन पावसाळे जातात आणि रस्त्याची चाळण आणखी मोठी होते. गावात बोलले जाते की पैसे आले आणि मधल्या मध्ये गडप झाले. कार्यालयात विचारले की उत्तर मिळते, ‘निधी प्राप्त नाही.’ लोकांचा संताप इथे सुरू होतो, कारण दोघांपैकी एक जण खोटे बोलतोय असे वाटते. मला विचारायचे आहे ते शब्दांबद्दल. मंजूर, मान्यता, तरतूद, वितरित, प्राप्त यांत फरक काय? आणि ‘मंजूर’ हा शब्द मुळात कुठला?

रुजुवात
‘मंजूर’ अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. ज्या धातूपासून ‘नजर’ आणि कचेरीतला ‘नाझर’, त्याच धातूपासून ‘मंजूर’. मूळ अर्थ ‘पाहिलेले, नजरेखालून गेलेले’. हुजुराने कागद पाहिला, नापसंत केला नाही, म्हणजे तो मंजूर. त्या अर्थात पैसा कुठेच नाही. बोलताना मात्र आपण ‘कर्ज मंजूर झाले’ म्हणतो, आणि पुढच्या चार-आठ दिवसांत रक्कम खात्यावर दिसते. बँकेतला हा अनुभव लोक सरकारी निधीलाही लावतात. घोटाळा तिथून होतो.

‘तरतूद’ही तसाच बाहेरून आलेला. मूळ अरबी शब्दात येरझारा घालणे, मागेपुढे होणे हा भाव आहे. हिंदी-उर्दूत ‘तरद्दुद’ म्हणजे काळजी, दगदग. मराठीत त्याचे ‘आगाऊ सोय’ झाले. लग्नाची तरतूद, म्हातारपणाची तरतूद. घरात तरतूद म्हटले की डब्यात पैसे असतात. अर्थसंकल्पातली तरतूद म्हणजे फक्त खर्च करण्याची कमाल मर्यादा.

सांडवा
रुजुवात यांनी मूळ सांगितले, मी साखळी सांगतो. सार्वजनिक बांधकामाचे उदाहरण घेऊ. बाकी खात्यांत नावे थोडी बदलतात, क्रम साधारण हाच.

आधी अर्थसंकल्पात त्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या क्रमांकित सदराखाली, तरतूद हवी. मग *प्रशासकीय मान्यता*, म्हणजे काम गरजेचे आहे आणि अमुक रकमेपर्यंत करायला हरकत नाही, असे सक्षम अधिकाऱ्याने लिहून देणे. मग *तांत्रिक मान्यता*. यात आराखडा आणि दरसूचीवर (कामाच्या सरकारी दरांच्या यादीवर) आधारलेले अंदाजपत्रक बरोबर आहे, असे अभियंता सांगतो. मग निविदा. त्यात कुणी आले नाही, किंवा दर फार चढे आले, तर फेरनिविदा. मग *कार्यारंभ आदेश*. काम झाले की *मोजमाप पुस्तिकेत* लांबी, रुंदी, जाडी चढते. त्यावरून देयक, म्हणजे कंत्राटदाराचे बिल, तयार होते. आणि शेवटी *निधी वितरण*. शासनाच्या ‘बीम्स’ या संगणक प्रणालीत त्या लेखाशीर्षावर रक्कम उपलब्ध झाली, तरच कोषागारातून देयक पारित होते.

मथळ्यातला ‘मंजूर’ यांपैकी कोणत्याही पायरीवर वापरला जातो. काही वेळा तर या साखळीच्याही आधी, *तत्त्वतः मान्यता* मिळाली तेव्हाच. तत्त्वतः मान्यता म्हणजे ‘कल्पना पटली, पुढचे कागद आणा’. तिच्यात एक रुपयाचीही हमी नसते.

त्यामुळे कोरांटीताई, तुमची दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात. प्रशासकीय मान्यता झाली, म्हणून ‘मंजूर’. वितरण झाले नाही, म्हणून ‘प्राप्त नाही’.

माळरान
याची किंमत काय, ते १५ जून २०२५ ला मावळात दिसले. कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला आणि ४ माणसे गेली. नव्या पुलासाठी निधी मंजूर होता, कामाचा आदेशही निघाला होता. कागदावर पूल दोन पायऱ्या पुढे गेला होता आणि नदीवर तोच जुना सांगाडा उभा होता. अशा वेळी ‘निधी मंजूर केलाच होता’ हे वाक्य खुलासा म्हणून सांगितले जाते, आणि लोकांना सगळ्यात जास्त चीड त्याचीच येते. मला ती चीड रास्त वाटते.

टाचण
सांडवांच्या साखळीत लेखाशीर्षाचा मुद्दा थोडा सोडवून सांगायला हवा, तिथे बरीच कामे अडतात. रस्ते आणि पूल यांची दोन मुख्य शीर्षे आहेत. ३०५४ महसुली, त्यातून देखभाल-दुरुस्ती. ५०५४ भांडवली, त्यातून नवे बांधकाम. ५०५४ मध्ये कोट्यवधींची तरतूद असली तरी त्यातून शेजारच्या रस्त्याचा एक खड्डाही भरता येत नाही. आरोग्यातही तेच. २२१० मधून औषधे, पगार, रोजचा खर्च. ४२१० मधून इमारत. म्हणून नवी इमारत उभी राहते आणि आत एक्स-रेची फिल्म नसते, हे चित्र दिसते. वेडेपणा वाटतो, पण तो दोन शीर्षांमधल्या भिंतीचा परिणाम आहे.

दुरुस्तीचे शीर्षच आधी का आटते? पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचे व्याज टाळता येत नाही. त्याला *बांधील खर्च* म्हणतात. व्याज तर *भारित* खर्चात मोडते, म्हणजे विधानसभेत त्यावर मतदान होत नाही. ज्यावर मत घेतले जाते तो *दत्तमत*. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी रुपये दाखवली होती. महसुली तूट म्हणजे रोजचा खर्च रोजच्या मिळकतीतून भागत नाही. राजकोषीय तूट म्हणजे सगळा खर्च धरून कर्जातून भागवावी लागणारी रक्कम. अशा वर्षी कात्री लागते ती गटार साफ करणे, छत गळती थांबवणे, पुलाचे कठडे रंगवणे अशा कामांना. एक वर्ष पुढे ढकलले तर कुणाला दिसत नाही. पाच वर्षे ढकलले की छत खाली येते.

बारदान
‘टोकन तरतूद’ राहिली. मराठीत ‘लाक्षणिक तरतूद’ म्हणतात. कामाचे नाव यादीत यावे, शीर्ष उघडे राहावे म्हणून हजार रुपये दाखवतात. यादीत गावाचे नाव वाचून फटाके वाजवण्याआधी पुढच्या रकान्यातला आकडा बघावा, आणि तो हजारांत आहे की लाखांत हे रकान्याच्या डोक्यावर वाचावे.

कोरांटी
हे फार उपयोगी आहे. मग ‘निधी समर्पित’ म्हणजे? मी तो आपल्या तालुक्याला अर्पण केला असे समजत होते.

टाचण
नेमके उलट! कार्यालयीन भाषेत *समर्पित करणे* म्हणजे खर्च न झालेली रक्कम शासनाला परत करणे. देवाला फूल समर्पित करतो तो अर्थ इथे चालत नाही. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. तोवर खर्च झाला नाही आणि परतही केला नाही, तर तो *व्यपगत* होतो, म्हणजे खर्च करण्याचा अधिकारच संपतो. ‘अखर्चित’ हा त्याहून ढिला शब्द, नुसता शिल्लक आहे एवढेच सांगणारा. शासनाकडून जिल्हा परिषदेला मिळालेला निधी पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत वापरता येतो, म्हणून तिच्या बाबतीत मार्चमधले ‘अखर्चित’ ही लगेच बोंब मारण्याची गोष्ट नाही. दुसऱ्या मार्चला मात्र आहे.

मार्चअखेर डांबरीकरणाची घाई दिसते ती या व्यपगत शब्दाच्या धाकाने.

सांडवा
डांबरीकरणावरून ‘खड्डे बुजवले’ या शब्दप्रयोगाकडे वळतो. ‘बुजणे’ हा किती नेमका शब्द आहे बघा. टोचलेल्या कानाचे भोक बुजते, म्हणजे मांस आतून भरून येते. विहीर बुजवली की तिथे पुन्हा विहीर राहत नाही. बुजण्यात आतून भरणे आहे, कायमचे मिटणे आहे.

रस्त्यावरचा खड्डा खरेच बुजवायचा तर त्याच्या कडा आधी सरळ उभ्या कापून चौकोन करावा लागतो. सैल खडी, माती, पाणी काढून तळ कोरडा आणि टणक करायचा. तळाला आणि चारही कडांना डांबराचा चिकट थर द्यायचा. मग मिश्रण भरायचे, खोल असेल तर एका दमात न ओतता थराथराने, प्रत्येक थर दाबत. शेवटचा थर बाजूच्या रस्त्यापेक्षा किंचित वर ठेवायचा, कारण वाहनांनी तो आणखी दबतो. कडा न कापता वरून ओतले तर काठाचा थर कागदासारखा पातळ येतो आणि तिथूनच उचकटतो. ओल्या खड्ड्यात ओतले तर डांबर धरतच नाही. भर पावसात मुरूम टाकणे म्हणजे दोन दिवसांचा चिखल. त्याला *भरणे* म्हणावे, *बुजवणे* म्हणू नये. तक्रारीत ‘खड्डे बुजवा’ एवढेच न लिहिता ‘कडा कापून, डांबरी मिश्रणाने’ असे लिहावे. नाही तर मुरूम टाकून तक्रार निकाली निघते.

रुजुवात
‘निकाली’वर एक शब्द. निकाली कुस्ती म्हणजे एकाची पाठ लागलीच पाहिजे अशी कुस्ती, बरोबरीत न सुटणारी. या शब्दात निर्णय लागण्याची अट आहे. कार्यालयात ‘तक्रार निकाली काढली’ याचा अर्थ मात्र कागद पुढच्या टेबलावर गेला किंवा उत्तर पाठवले एवढाच असू शकतो. ‘निवारण’ आणि ‘निराकरण’ यांत त्रास दूर होणे अभिप्रेत आहे. उत्तरात ‘निकाली’ आले तर ‘निवारण कसे झाले ते कळवावे’ असे परत लिहिता येते.

माळरान
आणि ‘थकीत’? २०२५ च्या सुरुवातीला कंत्राटदार संघटनांनी राज्यभरात वेगवेगळ्या खात्यांकडे मिळून सुमारे ८९ हजार कोटींची देयके थकल्याचे सांगितले आणि कामे बंद करण्याचा इशारा दिला. थकीत हा शब्द दमण्याशी जोडलेला आहे का?

रुजुवात
आहे. चालून चालून माणूस थकतो, तसा वाटेत अडकलेला पैसाही थकतो. त्याला ‘बाकी’ जोडून थकबाकी.

थकबाकीचाच सख्खा शब्द म्हणजे धरणे. आज आझाद मैदानात बसलेल्या अंगणवाडी सेविकांपासून कंत्राटदारांपर्यंत सगळे ‘धरणे आंदोलन’ करतात आणि आपल्याला तो निषेधाचा शब्द वाटतो. मुळात तो वसुलीचा आहे. सावकार किंवा त्याचा माणूस ऋणकोच्या दारात उपाशी बसायचा, पैसे मिळेपर्यंत उठायचा नाही. मराठेशाहीत पगार थकलेले शिपाई सरदाराच्या डेऱ्यापुढे धरणे धरत. इंग्रजांनी ते इतके मनावर घेतले की १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ५०८ खाली दारात धरणे धरून बसल्याचे उदाहरणच दिले. त्याच्या पुढची पायरी त्रागा. स्वतःला इजा करून घेऊन समोरच्यावर पापाचा भार टाकणे, हा त्याचा जुना अर्थ. आज ‘उगाच त्रागा करू नकोस’ म्हणताना तो विरळ झाला आहे, पण लोकांच्या उद्वेगाला ‘त्रागा’ म्हणून हिणवू नये असे मला मनापासून वाटते. दोन्ही शब्द ज्याचे येणे आहे त्याचे आहेत.

म्हणूनच बातमीतले ‘नागरिकांत नाराजी’ मला खटकते. नाराज जावई होतो, मानपानात कमी पडले म्हणून. ज्याने पट्टी भरली आणि ज्याच्या नळाला पाणी नाही तो नाराज नसतो, त्याचे येणे थकलेले असते. तिथे ‘रोष’ लिहावे, ‘संताप’ लिहावे.

टाचण
कोरांटीताई, आता कामाचे. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज साधारणपणे १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. म्हणून शब्द मोजून वापरावे लागतात. ‘मंजूर निधीचे काय झाले’ असे विचारले तर ‘सदर काम प्रगतिपथावर आहे’ असे येते. त्याऐवजी एवढे मागा:

अमुक कामाच्या प्रशासकीय मान्यतेचा आणि तांत्रिक मान्यतेचा क्रमांक, दिनांक, रक्कम व प्रती. लेखाशीर्ष. कार्यारंभ आदेशाची प्रत, त्यातील मुदत आणि दोषदायित्व कालावधी. मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पानांच्या प्रती. आजअखेर वितरित निधी आणि प्रलंबित देयके.

उत्तराची मुदत ३० दिवस. कोणता कागद ‘उपलब्ध नाही’ म्हणून येतो त्यावरून काम कुठल्या पायरीवर बसले आहे ते कळते. मोजमाप पुस्तिका आहे पण रस्ता नाही, तर ते प्रकरण वेगळे. तेव्हा त्याच कायद्याच्या कलम २ (ञ) खाली कामाची पाहणी आणि साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो.

सांडवा
दोषदायित्व कालावधी विसरू नका. त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते. तिथे ‘निधी नाही’ हे उत्तर लागूच होत नाही.

कोरांटी
आमच्या रस्त्यावरच्या कामाच्या फलकावर ‘दोषदायित्व’पुढची जागा कोरी आहे. मग अर्जात पहिली ओळ तीच.

सांडवा
हो. आणि ‘कालावधी किती’ एवढे विचारू नका, ‘कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत’ असे विचारा. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावरची तारीख तिथे लागते.