नाकेबंदी, तेलबंदी की गोठवणूक? (जपान, १९४१)

पानगळ : जपान दुसऱ्या महायुद्धात का उतरला, यावरचा मजकूर मराठीत आणतोय. एक वाक्य असं झालंय : 'अमेरिकेने जपानची नाकेबंदी केल्यामुळे जपान युद्धात ओढला गेला.' मुळात एका ठिकाणी 'एम्बार्गो' आहे, दुसरीकडे मालमत्ता 'फ्रीझ' केल्याचा उल्लेख आहे. दोन्हींना नाकेबंदी चालेल का?

दर्यावर्दी : अजिबात नाही. समुद्रात नाकेबंदी म्हणजे लढाऊ जहाजं उभी करून शत्रूच्या बंदरात जाणारा-येणारा माल अडवणं. ते युद्धकृत्य धरलं जातं. १९४१ साली अमेरिकी आरमार जपानची वाट अडवून उभं नव्हतं. अमेरिकेने आपला माल विकायचं थांबवलं. ती निर्यातबंदी, तेलापुरती तेलबंदी. नाकेबंदी लिहिलंत तर पहिला वार अमेरिकेने केला असा अर्थ निघतो. टोकियोचा 'एबीसीडी घेरा' हा शब्द (अमेरिका, ब्रिटन, चीन, डच) तेच सुचवायचा. तो द्या, पण अवतरणात.

शब्दवेल्हाळ : आणि बंदी एकदम आली नाही, टप्प्याटप्प्याने आली. जुलै १९४० मध्ये विमानाचं पेट्रोल, तेही ८७ ऑक्टेन (पेट्रोलच्या दर्जाचा आकडा) आणि त्यावरचंच. त्याखालचं जपान घेतच राहिला. ऑक्टोबर १९४० पासून भंगार लोखंड बंद, कारण सप्टेंबरात जपानी फौजा उत्तर इंडोचीनमध्ये (इंडोचीन म्हणजे फ्रेंचांच्या ताब्यातले व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) शिरल्या होत्या. या टप्प्याला 'निर्बंध' पुरे. 'तेलबंदी' १९४१ च्या ऑगस्टसाठी राखून ठेवा.

पानगळ : मग 'फ्रीझ' गाळून नुसतं तेलबंदी लिहू?

खतावणी : गाळू नका हो, सगळी गोम तिथेच आहे. जपानने दक्षिण इंडोचीनमध्ये सैन्य घालायचं ठरवलं, तेव्हा २६ जुलै १९४१ ला अमेरिकेने आपल्याकडच्या जपानी ठेवी गोठवल्या. ब्रिटन आणि डच ईस्ट इंडीजनेही (आजचा इंडोनेशिया) तेच केलं. १ ऑगस्टला तेलाचे जुने परवाने रद्द झाले. कागदोपत्री थोडं हलकं तेल ठरावीक प्रमाणात मिळू शकत होतं, पण त्याला दोन परवाने लागत : एक माल बाहेर नेण्याचा, दुसरा गोठवलेले डॉलर सोडवण्याचा. पहिला मिळाला तरी दुसरा अर्ज अधिकाऱ्यांच्या समितीत पडून राही. खात्यात पैसा आहे, पण धनादेश वटत नाही, अशातली गत. जपानी टँकर अमेरिकी बंदरात ताटकळले आणि 'संपूर्ण तेलबंदी' असा जाहीर हुकूम न निघताच ती लागू झाली. म्हणून 'ठेवी गोठवल्या, त्यातून तेल तुटलं' हा क्रम वाक्यात दिसला पाहिजे. 'मालमत्ता' नको, मराठी वाचकाला घरंदारं, जमीनजुमला आठवतो.

दर्यावर्दी : तेल तुटणं म्हणजे काय, तेही लिहा. जपानचं सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतून यायचं आणि साठा साधारण दोन वर्षांचा होता. ऑक्टोबरच्या बैठकीत आरमारप्रमुख नागानो यांनी आरमार तासाला ४०० टन तेल जाळतंय, असं सांगितलं. वाट पाहत बसलं की साठा घटणार, मग लढायचं तर लवकर, हा त्यांचा हिशेब. तेल सुमात्रा-बोर्निओत, रबर आणि कथील मलायात. तिकडे जायचं तर बाजूला फिलिपाइन्समध्ये अमेरिका बसलेली.

शब्दवेल्हाळ : माझा खरा आक्षेप 'ओढला गेला'वर आहे. २ जुलैच्या दरबारी परिषदेत (सम्राटासमोरची बैठक), म्हणजे ठेवी गोठवण्याच्या आधी, दक्षिणेकडे सरकायचं ठरलं. ब्रिटन-अमेरिकेशी युद्ध जुंपलं तरी बेहत्तर. पुढे ६ सप्टेंबर, ५ नोव्हेंबर, १ डिसेंबर अशा आणखी परिषदा झाल्या. इतक्या बैठका घेऊन केलेल्या गोष्टीला 'ओढला गेला' कसं म्हणायचं? 'उडी घेतली'ही नको, त्यात अविचार येतो. 'उतरला' बरोबर.

पानगळ : पण अमेरिकी परराष्ट्रमंत्री हल यांनी जपानला दिलेली २६ नोव्हेंबरची टिपणी? तिला मी 'निर्वाणीचा खलिता' (अल्टिमेटम) म्हटलंय.

खतावणी : टोकियोने तसाच अर्थ लावला, कारण त्यात चीन आणि इंडोचीनमधून पूर्ण माघार मागितली होती. पण टिपणीवर 'तात्पुरती, बंधनकारक नाही' असा शेरा होता आणि मुदत नव्हती. मुदत आणि 'नाहीतर' नसेल तर निर्वाणीचा कसला? शिवाय पर्ल हार्बरकडे निघालेला ताफा जपानच्या उत्तरेकडच्या हितोकाप्पू उपसागरातून जपानी वेळेनुसार २६ तारखेलाच सुटला होता, टिपणी हाती पडण्याआधी.

दर्यावर्दी : 'युद्धघोषणा'ही तपासा. ७ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये दुपारी १ वाजता द्यायचं जपानचं पत्र २.२० ला दिलं गेलं, पर्ल हार्बरवर बॉम्ब (वॉशिंग्टनच्या वेळेने) १.२५ च्या सुमारास पडू लागले होते. त्या पत्रात वाटाघाटी थांबल्याचं होतं, युद्धाचा उच्चार नव्हता. ब्रिटनला तेवढंही कळवलं नव्हतं, आणि मलायात कोटा भारूवर सैन्य उतरलं ते पर्ल हार्बरच्याही आधी.

पानगळ : चीनवर १९३७ ला सुरू झालेल्या लढाईसाठी 'शिना जिहेन' हा जपानी शब्द आहे. 'चीनमधील चकमक'?

शब्दवेल्हाळ : चकमक म्हणजे तासा-दोन तासांचं प्रकरण, इथे शांघाय-नानकिंग पडलं. जिहेन म्हणजे 'घटना', 'प्रकरण'. हा शब्द जपानने मुद्दाम वापरला : युद्ध जाहीर केलं असतं तर अमेरिकेचा तटस्थता कायदा लागून शस्त्रांची खरेदी अडली असती. चीननेही त्याच अडचणीमुळे ९ डिसेंबर १९४१ पर्यंत युद्ध जाहीर केलं नाही. 'चीन प्रकरण' लिहा, अवतरणात. तुमच्या स्वतःच्या वाक्यात मात्र सरळ 'चीनवरचं आक्रमण'.

पानगळ : वाक्य असं करतो : 'दक्षिण इंडोचीन बळकावल्यावर अमेरिकेने जपानच्या ठेवी गोठवल्या, त्यातून तेल तुटलं आणि साठा संपण्याआधी तेलाचे प्रदेश घ्यायचे म्हणून जपान युद्धात उतरला.'

खतावणी : ठीक. फक्त 'बळकावल्यावर'ऐवजी 'बळकावू लागताच'. सैन्य उतरलं ते ठेवी गोठवल्यानंतर.