'ली': कॅमेरा कुठे ठेवायला हवा होता?

अर्धी_खिडकी: युद्धछायाचित्रकार ली मिलरवरचा 'ली' हा सिनेमा पाहिला. केट विन्स्लेटच्या कामाबद्दल तक्रार नाही, भांडण छायाचित्रणाशी आहे. मिलर रोलायफ्लेक्स कॅमेरा वापरायची. तो डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरून, मान खाली घालून वरच्या काचेत बघतात. काचेत डावं-उजवं उलटं. माणूस डावीकडे सरकला की काचेत उजवीकडे जातो! युद्धाच्या धामधुमीत हे सांभाळायचं, आणि एका रोलवर फोटो जेमतेम 12. अशी ही कंबरेच्या उंचीवरची चौकोनी नजर. सिनेमा मात्र बहुतेक वेळ तिच्या चेहऱ्यापाशीच घुटमळतो. शिवाय युद्ध आलं की रंग उडालेच पाहिजेत, हा नियम कुणी केला? फ्रान्समधल्या सेंट-मालोची लढाई ऑगस्ट 1944 मधली, म्हणजे ऐन उन्हाळ्यातली.

शाईचा_डाग: साफ असहमत. ही बाई आधी मॉडेल होती. आपल्याकडे बघितलं जाणं म्हणजे काय, हे तिला पक्कं ठाऊक. तिचा सर्वात गाजलेला फोटो तर तिने काढलेलाच नाही. 30 एप्रिल 1945, म्युनिक, हिटलरच्या फ्लॅटमधला बाथटब. टबात ती, बटण दाबणारा तिचा सहकारी छायाचित्रकार डेव्हिड शर्मन. टबापुढच्या पायपुसण्यावर तिचे बूट, डाखाउच्या नाझी छळछावणीचा चिखल लागलेले. आता इथे कॅमेऱ्याने तिच्याकडे बघायचं नाही तर कुणाकडे?

मधलं_बोट: (आयडीवर जाऊ नका, जुना आहे.) रंगांबद्दल थोडं. दिग्दर्शिका एलन कुरस मूळची सिनेमॅटोग्राफर, आणि कॅमेरा 'द पियानिस्ट'वाल्या पावेल एडेलमनचा. चुकून राखाडी झालं असेल असं वाटत नाही. सुरुवातीचं फ्रान्स उन्हाने न्हालेलं आहेच की. पुढे सगळी गोष्ट म्हातारी ली सांगतेय, म्हणून रंग विटलेले.

अर्धी_खिडकी: आठवणी विटतात हे कुणी सांगितलं? काही तर जास्तच भडक होतात. आणि @शाईचा_डाग, डाखाउच्या रेल्वे डब्याचा फोटो आठवा. ती डब्यात चढली आणि आतून बाहेर फोटो काढला. पुढ्यात प्रेतं, दारापाशी आत बघणारे अमेरिकी सैनिक. बाहेरून काढला असता तर तो सैनिकांच्या नजरेचा फोटो झाला असता. जागेचा हा फरक मला पडद्यावर अजून हवा होता.

शाईचा_डाग: डब्याचं मान्य. टबाचं उत्तर मात्र तुम्ही शिताफीने टाळलंत.