घरच्या रेकॉर्डिंगसाठी पीसी: 16 जीबी रॅम पुरेल का?

प्रश्न: गाणं आणि गिटार, एका वेळी दोनच माइक. मिक्सिंगला वीसेक ट्रॅक. ग्राफिक्स कार्डही लागेल का?

उत्तर १: 16 पुरे. मोठ्या सॅम्पल लायब्ऱ्या (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचे संग्रह) वापरणार असाल तरच 32. ग्राफिक्स कार्ड नकोच, उगाच त्याच्या पंख्याची घरघर माइकमध्ये येते. पैसे प्रोसेसरवर घाला, आणि एका कोरचा वेग बघा. एका ट्रॅकवरची प्लगइनची, म्हणजे आवाजावर इफेक्ट देणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, साखळी सहसा एकाच कोरवर चालते.

उत्तर २: आवाज तुटला की रॅमला दोष देऊ नका. बरेचदा वायफायचा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतो. विंडोजवर लेटन्सीमॉन चालवून बघा, कुठला ड्रायव्हर अडवतोय ते हा प्रोग्राम दाखवतो. रेकॉर्डिंगला बफर (पीसी एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) 128 सॅम्पल, म्हणजे 48 किलोहर्ट्झला सुमारे 2.7 मिलिसेकंद. मिक्सिंगला उशीर चालतो, तिथे बिनधास्त 1024.

प्रश्नकर्ता: इंटरफेस (माइक पीसीला जोडणारा डबा) यूएसबी हबवर चालेल?

उत्तर २: नको. थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लावा.